भिंतीवरचा हात

रक्तदाबाला घाबरणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत, पण रक्तदाबापुढे हात जोडून उभा राहणारा माणूस अख्ख्या पालघर जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा काका निघाला. म्हणजे माझे चुलत सासरे. पाणीपुरवठा खात्यातून ज्युनियर इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. डहाणूपासून तलासरीपर्यंत, पार गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या पाड्यांपर्यंत पाण्याच्या ज्या उंच टाक्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच काकांच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या. एसटीतून जाताना प्रत्येक टाकीकडे ते मान वळवून बघायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगायचे, "ही माझी. अजून गळत नाही." निवृत्तीच्या सुमारास त्यांना स्वतःला बीपी निघालं. दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. यांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, "काय सांगता! म्हणजे माझ्या आत एवढा फोर्स आहे?" आणि घरी येताना पाऱ्याचं बीपी मशीनच विकत घेऊन आले.

२०१४ साली माझं लग्न झालं आणि पहिल्या सणाला मी सासुरवाडीला गेलो. मी नोकरीला तलासरीत, राहायला डहाणूच्या मसोलीला, आणि सासुरवाडी दोन्हींच्या मधल्या एका गावात, चिकूच्या वाडीत. जावयाला लोक नोकरीचं विचारतात, घराचं विचारतात. काकांनी मला त्यांच्या घरी जेवायला बसवलं, माझं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ नुसते ऐकत बसले. मला वाटलं भविष्य बघतायत. मग डोळे उघडून म्हणाले, "जावईबापू, विचार करा. पंप एक. मुठीएवढा. सुट्टी नाही, लोडशेडिंग नाही, ऑईलिंग नाही. आणि लाइन किती लांब? डोक्याच्या शेंड्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत. शेवटच्या घरालासुद्धा पाणी पोचतं! अहो, मी उभी नोकरी केली, पण शेवटच्या घराला मला कधी नीट पाणी पोचवता आलं नाही." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. माझ्या पानातली पुरणपोळी थंड झाली होती, पण खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत माझ्याच छातीत काय चाललंय याची मी कधी साधी चौकशीही केली नव्हती.

काकांचं सगळ्यात मोठं दैवत म्हणजे किडनी. लोक सकाळी उठून तळहातांकडे बघतात. काका अंथरुणात बसूनच दोन्ही हात मागे नेऊन कमरेच्या वर पाठीवर ठेवायचे आणि डोकं लववायचे. काकू म्हणायच्या, "पाठ धरली असेल तर तेल लावा की!" यावर काका नुसते हसायचे. त्यांच्या मते हृदय हा पंप, रक्तवाहिन्या हे पाइप, पण सगळी सत्ता किडनीच्या हातात, कारण किडनी म्हणजे व्हॉल्वमन. गावातल्या नळाला पाणी किती सोडायचं हे जसं साहेबाच्या हातात नसतं, व्हॉल्वमनच्या हातात असतं, तसंच. रक्तातलं मीठ किती ठेवायचं, किती सोडायचं हे ती ठरवते. मीठ ठेवलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की लाइनमध्ये प्रेशर वाढतं, आणि वर्षानुवर्षं प्रेशर राहिलं की पाइप कडक होतात. कडक झालेल्या पाइपात प्रेशर आणखी चढतं. "आणि प्रेशर कमी झालंय असा तिला नुसता संशय आला ना," काका आवाज खाली आणत, जणू किडनी ऐकत असेल, "की ती रक्तात असं काही सोडते की सगळ्या बारीक नळ्या आवळल्या जातात. एवढीशी गोष्ट, पण हुकूम अख्ख्या शरीरावर!"

जेवणाच्या पंगतीत हा माणूस शेजारी आला की संपलंच. कोणी पानात वरून मीठ घेतलं की काका त्याचा हात हवेतच धरायचे. एकदा वाणगावला एका मुंजीत चिकूचे एक गुजराती व्यापारी त्यांच्या शेजारी बसले होते. शेठजींनी लोणचं दुसऱ्यांदा मागितलं, तशी काकांनी वाढपीबाईला थांबवलं आणि म्हणाले, "शेठ, मीठुं ओछुं करो," म्हणजे मीठ कमी करा. शेठजी बिचारे ओशाळले. मग काकांनी त्यांना मराठी-गुजरातीची खिचडी करून समजावलं, की पूर्वी रानात उन्हातान्हात हिंडणाऱ्या माणसाला मीठ मिळायची मारामार होती, तेव्हा ज्याच्या किडनीने मीठ धरून ठेवलं तो तगला असणार, आणि आपण त्याच चिवट माणसांची पोरं. "आता मीठ पोत्याने मिळतंय. पण आतल्या व्हॉल्वमनला कोणी कळवलेलंच नाही! तो आपला अजून दुष्काळी ड्यूटी करतोय!" शेठजींनी लोणच्याची फोड बाजूला सारली. जेवण झाल्यावर मंडपाच्या मागे जाऊन त्यांनी पाठीवर हात ठेवून पाहिले, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा पत्रिका मागतात. काका प्रेशर मागायचे. चुलत मेव्हणीला पालघरचं एक स्थळ आलं होतं, मुलगा शाळेत शिक्षक, सगळं जुळलेलं, पोहे झालेले, आणि काकांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "तुमचे तीर्थरूप कशाने गेले?" ते म्हणाले, म्हातारपणाने. "नाही, नाही. शेवटी तोंड वाकडं झालं होतं का? हात उचलत होता का?" मुलाची आई पदराने कपाळ पुसायला लागली. काका मात्र अगदी प्रेमाने समजावत होते, की यात लाज कसली, हे एका जीनचं काम नाही, असे शेकडो जीन असतात, आणि प्रत्येक जण चिमूटभर आपली भर घालतो, आईकडून थोडे, बापाकडून थोडे. "पाहुणे आले की प्रत्येक घरातून एकेक वाटी भाजी येते ना, तसं. कोणाच्या वाटीने पोट भरलं हे सांगता येतं का?" स्थळ मोडेल म्हणून सगळे देव पाण्यात घालून बसले होते. झालं उलटंच. मुलाच्या वडिलांनी बाही वर केली आणि म्हणाले, "बघाच जरा." लग्न धूमधडाक्यात झालं, आणि त्या घरातली सगळी माणसं आता वेळेवर गोळ्या घेतात.

ही सगळी विद्या कुठून उगवली, ते मला हळूहळू कळलं. काकांचे वडील, म्हणजे माझे आजेसासरे, साठीच्या आतच गेले. वाडीत चिकू उतरवून घेत होते, पाटी उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. प्रेशर हा शब्दही तेव्हा घरात कोणी उच्चारला नव्हता. आजेसासऱ्यांच्या एका बहिणीचंही तसंच झालं होतं. त्यामुळे काका म्हणायचे, "वडिलांनी दोन गोष्टी ठेवल्या. वाडी दिली, ती वाटणीत अर्धी अर्धी झाली. प्रेशर दिलं, ते मात्र दोघा भावांना सबंध मिळालं असणार." हे वाक्य ते हसत म्हणायचे, पण 'दोघा भावांना' म्हणताना नजर आपोआप भिंतीकडे जायची.

ही भिंत म्हणजे आमच्या घराण्याची शोकांतिका. काकांचे थोरले भाऊ म्हणजे माझे सासरे. काका त्यांना दादा म्हणत. म्हणत म्हणजे पूर्वी म्हणत असत. वाडीची वाटणी झाली ती गोडीने झाली, पण विहीर सामाईक राहिली, आणि विहिरीवरची मोटार कोणी कधी लावायची यावरून एका उन्हाळ्यात जे काही झालं, त्यानंतर दोघे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. काकांनी दोन्ही अंगणांच्या मध्ये सिमेंटच्या विटांची भिंत घातली. ज्युनियर इंजिनियरने बांधलेली भिंत, ओळंब्यात एक सूत इकडचं तिकडे नाही. उभ्या माणसाच्या खांद्याएवढी. तेव्हापासून एकाने दुसऱ्याच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, हा अलिखित कायदा झाला. सासूबाई आणि काकू भिंतीवरून वाट्यांची देवघेव करायच्या, मुलं इकडून तिकडे उड्या मारायची, कोंबड्यांना तर कायदा माहीतच नव्हता. पाळायचे ते फक्त दोघे.

मी जावई झालो आणि दोघांनाही मोठी सोय झाली. मला कोणाची बाजू नव्हती. एका रविवारी सकाळी काका भिंतीपाशी आले, मशीन भिंतीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "जावईबापू, त्यांना सांगा, बाप एकच होता. हात द्या म्हणावं." माझे सासरे तिथेच, हातभर अंतरावर, खुर्चीत बसून पेपर वाचत होते. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "जावईबापू, त्यांना सांगा, मला काही झालेलं नाही." काका म्हणाले, "त्यांना सांगा, वडीलही हेच म्हणायचे." पेपर हलायचा थांबला. मग सासऱ्यांनी खुर्ची भिंतीला लावली आणि बसल्या जागेवरूनच हात वर करून भिंतीवर ठेवला, वर्गात उत्तर येणारा मुलगा करतो तसा. काकांनी पलीकडून पट्टा गुंडाळला, कानांत नळ्या घातल्या, फुगा दाबला. पारा चढला, उतरला. "नॉर्मलच्या जवळ," काकांनी मला सांगितलं. मी सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी हात काढून घेतला आणि पेपराचं पान उलटलं.

मग हा दर रविवारचा परिपाठच झाला. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, चहा नाही, तंबाखू नाही, बोलायचं नाही. काका नियमांना पक्के. "प्रेशर घेताना बोललं की पारा चढतो," ते मला सांगायचे, "त्या बाबतीत आम्ही दोघे आदर्श पेशंट!" माझ्या लहानशा डोक्याला तेव्हाच नवल वाटायचं. जे दोन भाऊ एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते, त्यांतला एक दर आठवड्याला दंड उघडा करून दुसऱ्यापुढे धरायचा, आणि दुसरा डोळे मिटून त्याच्या नाडीचा आवाज ऐकायचा. तेवढा वेळ अंगणात कोंबडीसुद्धा आवाज करत नसे.

आणि मग एक विचित्र गोष्ट लक्षात आली. माझ्या बायकोने एकदा सासऱ्यांना बळंच डहाणूला डॉक्टरकडे नेलं. तिथे प्रेशर निघालं भलतंच जास्त. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. पुढच्या रविवारी भिंतीवर पुन्हा नॉर्मलच्या जवळ. पुन्हा डॉक्टरकडे गेले, पुन्हा जास्त. भिंतीवर छान. काकांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा लख्ख उजळला होता. "अहो, याला शास्त्रात नाव आहे. डॉक्टरचा पांढरा कोट बघितला की काही माणसांचं प्रेशर चढतं. मनात भीती, की रक्तात करंट सुटला, नळ्या आवळल्या, झालं! दादाला बाहेर गेलं की चढतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि माझा हात लागला की उतरतं."

तो माणूस एवढा मोठा, एवढ्या टाक्या बांधलेला, आणि लहान मुलाने बक्षीस दाखवावं तसं हे मला दाखवत होता. तोंडाने भाऊ बोलत नाही, पण भावाचं रक्त आपल्याला ओळखतं, असं त्यांनी पक्कं धरलं होतं. ते म्हणायचे, "जीभ खोटं बोलते जावईबापू, पारा नाही बोलत." गोळ्यांची सासऱ्यांना आधीच चीड. धाकटा म्हणतोय ना नॉर्मल, मग कशाला, म्हणून त्यांनी त्या कपाटात टाकून दिल्या. माझी बायको मात्र धास्तावलेली असायची. "काकांचं ज्ञान मला मान्य आहे, पण आजोबा वाकले ते उठले नाहीत. बाबांचं तसं झालं तर?" ती मला विचारायची. मीही पडलो जावई. डॉक्टर खरा की पारा, हे मी कुठल्या तोंडाने ठरवणार? अशी वर्षं गेली.

२०१८ ची दिवाळी झाली आणि आमच्याकडची जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीकडच्या लोकांना ते दिवस सांगायला नकोत. केव्हाही गुडगुड आवाज यायचा, भांडी वाजायची, लोक बाहेर पळायचे. शाळा अंगणात भरायच्या, माणसं मांडवात झोपायची. अशाच एका दुपारी मोठा धक्का बसला, आणि काकांची ओळंब्यातली भिंत मधोमध बसली. चार हात रुंदीचा भाग कमरेपर्यंत ढासळला. जवळ कोणी नव्हतं, कोंबड्याही वाचल्या. दोघे भाऊ आपापल्या अंगणात उभे राहून त्या भगदाडाकडे बघत राहिले.

त्या रविवारी काकांनी मशीन त्या पडक्या भागावरच ठेवलं. सासऱ्यांनी खुर्ची लावली, हात वर करायला उचलला, तर वर भिंतच नाही. त्यांनी हात समोरच्या विटांवर ठेवला, अगदी छातीसमोर. पारा चढला, आणि काकांनी हवा सोडली तेव्हा पार वरच्या आकड्यापासूनच त्यांना ठोके ऐकू यायला लागले, म्हणजे प्रेशर भलतंच जास्त. काकांच्या कपाळाला आठी पडली. "भूकंपाची भीती," ते मला म्हणाले. "साहजिक आहे. सगळ्यांचंच चढलं असेल." पुढच्या रविवारी जमीन शांत होती, तरी आकडा डॉक्टरांकडे निघायचा तोच. काकांनी तिसऱ्यांदा पट्टा गुंडाळला. आकडा हलला नाही.

मग ते मला हाताला धरून भिंतीच्या न पडलेल्या भागापाशी घेऊन गेले. "बसा." मी त्यांच्या अंगणातल्या बाकावर बसलो. माझा हात त्यांनी भिंतीच्या माथ्यावर ठेवला आणि प्रेशर घेतलं. मग हात खाली छातीसमोर घेतला आणि पुन्हा घेतलं. मग पुन्हा वर. हात वर गेला की पारा उतरत होता, हात खाली आला की चढत होता. काकांनी कानांतल्या नळ्या काढल्या आणि विटांच्या ढिगावर बसकण मारली. मी घाबरून पाणी आणायला उठलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"टाकी," ते म्हणाले. "अहो, टाकी! टाकी तीच, पण नळ जितका उंचावर न्याल, तितकं त्याचं प्रेशर कमी पडतं. आयुष्यभर हेच केलं मी. चौथीच्या पोराला विचारा, तो सांगेल. आणि मी माझ्या भावाचा हात वर टांगून..." त्यांनी न पडलेल्या भिंतीकडे बोट दाखवलं. "ती भिंत पारा उतरवत होती, जावईबापू. माझा हात नव्हे. आणि मी त्याला गोळी घेऊ दिली नाही."

एवढं बोलून ते उठले. त्या भगदाडातून, विटांवर पाय देत, चपला न घालता, माझे चुलत सासरे पलीकडे गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सासूबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात जागच्या जागी थांबले. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. काका थेट भावाच्या खुर्चीपाशी गेले, खाली जमिनीवर बसले, आणि म्हणाले, "दादा, चुकलो. तुला प्रेशर आहे. वडिलांचंच आहे, सबंध आहे. डॉक्टर खरा, मी खोटा. तू आजपासून गोळी घे. माझ्यावर राग धर, पण गोळी घे."

माझ्या सासऱ्यांनी पेपराची घडी घातली. खाली बसलेल्या धाकट्याच्या टकलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "घेईन."

"मला वाटायचं, माझा हात लागला की तुझं उतरतं," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "खुळा मी."

"उतरत होतं की नाही ते तुझ्या पाऱ्याला विचार," सासरे म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय? पण अरे, मी दर रविवारी हात देत होतो ना? दुसऱ्या कोणाला दिला असता का मी?"

यावर काका जे रडले ते मी लिहू शकत नाही. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. जाता जाता मोठ्याने म्हणाल्या, "चहात मीठ घालत नाहीत, तेवढा तरी पिऊन जा भावोजी." आणि काका रडता रडताच हसले.

पुढे सासऱ्यांनी गोळ्या वेळेवर घेतल्या, काकांनी त्या घेतल्यात की नाही यावर पहारा ठेवला, आणि डॉक्टरांनीही मान डोलावली. भिंत पुन्हा उभी राहिली नाही. उरलेल्या विटांचा काकांनी सासऱ्यांच्या अंगणात एक ओटा बांधला, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीचा, ओळंब्यात. त्यावर दर रविवारी मशीन येतं. आता दोघे भाऊ इतकं बोलतात, की प्रेशर घेताना मला दोघांनाही गप्प बसवावं लागतं.

फक्त एक गोष्ट अजून राहिली आहे, आणि ती पाहिली की मला काय होतं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. खुर्चीत बसून सासरे बाही सरसावतात आणि सवयीने हात सरळ वर करतात, जिथे भिंत होती तिथे. हात क्षणभर नुसताच हवेत राहतो. मग काका तो हात वरच धरतात, सावकाश खाली आणतात, ओट्यावर ठेवतात, आणि पट्टा गुंडाळायच्या आधी थोडा वेळ तसाच धरून बसतात.